काचबिंदूच्या उपचारातील विरळ गुंतागुंती

डोळ्यातील वाढलेला दाब उतरवताना औषध, लेसर किंवा शस्त्रक्रियेमुळे क्वचित उद्भवणारे विकार. नेत्रदाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. डोळ्यात सतत पाझरणारा पातळ द्रव बाहुलीतून पुढे येतो आणि परितारिका (बुबुळाचा रंगीत पडदा) व पारपटल यांच्यामधल्या कोनातून निचरून जातो. निचरा अडला की दाब चढतो आणि दृष्टीची नस सुकत जाते; हाच काचबिंदू (ग्लॉकोमा). गेलेली नजर परत मिळत नाही. त्यामुळे पुढील धोक्यांच्या भीतीने डोळ्यातले थेंब बंद करणे किंवा ऑपरेशन टाळणे हे त्या धोक्यांहून घातक ठरते.

यातला सर्वांत फसवा प्रकार जर्मन नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे यांनी १८६९ मध्ये वर्णिला. फाइलवर ‘मॅलिग्नंट ग्लॉकोमा’ वाचून घरचे हादरतात, पण याचा कर्करोगाशी संबंध नाही. मुळात अरुंद कोन असलेल्या डोळ्यात, बहुधा शस्त्रक्रियेनंतर, द्रव पुढे यायचा तो मागे साचू लागतो. भिंग आणि परितारिका पुढे रेटली जातात, पुढचा कप्पा सपाट होतो, दाब चढतो. द्रवाला वाट मिळावी म्हणून परितारिकेला लेसरने पाडलेले छिद्र उघडे असूनही दाब उतरत नाही, ही ओळखीची खूण. उपचारही उलटा: कोन बंद झाल्यावर एरवी वापरले जाणारे पिलोकार्पिन इथे प्रकृती बिघडवते, आणि अशा रुग्णांना एरवी वर्ज्य असलेले अ‍ॅट्रोपीन उपयोगी पडते. थेंबांनी भागले नाही तर लेसर किंवा मागच्या पोकळीतील काचाभ द्रव काढण्याची शस्त्रक्रिया करतात. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका असतो.

काही वेळा कारण डोळ्याबाहेर सापडते. मायग्रेन किंवा फिटसाठी दिलेल्या टोपिरामेटने, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, दोन्ही डोळ्यांना एकदम लांबचे धूसर दिसू लागते व दाब वाढतो. इथे लेसरच्या छिद्राचा उपयोग नसतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती गोळी बंद करावी लागते. दाब उतरवण्यासाठीच दिलेली अ‍ॅसिटॅझोलामाइडची गोळीसुद्धा अत्यंत क्वचित हेच करते. तिने बोटांना मुंग्या येणे नेहमीचे. अंगावर पुरळ आणि तोंडात फोड आले तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे. पुण्यात मेंदूचे डॉक्टर डेक्कनला आणि डोळ्यांचे हडपसरला, असे एकाच माणसाचे कागद विखुरलेले असतात. तपासणीला जाताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिपच पिशवीत टाकून न्याव्यात.

दाब उतरवणाऱ्या टिमोलॉलचा थेंब अश्रुनलिकेतून नाकात व तिथून रक्तात उतरतो. दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते, नाडी मंदावते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटे दाबून धरला की रक्तात कमी औषध जाते. ब्रिमोनिडीन हे दाब उतरवणारे दुसरे थेंब दोन वर्षांखालील बाळांना देत नाहीत, कारण त्यांचा श्वास मंदावू शकतो.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या पुण्यात शीर्षासन करणारे ज्येष्ठ पुष्कळ. त्या आसनात नेत्रदाब जवळपास दुप्पट होत असल्याचे मोजमापांत दिसले आहे. काचबिंदू असेल तर ते टाळावे.

शस्त्रक्रियेत दाब एकाएकी पडला तर डोळ्याच्या मागच्या थरात रक्तस्राव होऊ शकतो. उतारवय, उच्च रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ही त्याची पार्श्वभूमी. जोराचा खोकला किंवा शौचाला कुंथणे हे निमित्त. म्हणून खोकला आणि बद्धकोष्ठता सर्जनला आधीच सांगावी. दाब फारच खाली राहिला तर दृष्टिपटलाला सुरकुत्या पडून नजर अंधुक होते.

ट्रॅबेक्युलेक्टमीनंतर (द्रवाला बाहेर पडायला नवी वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर) वरच्या पापणीखाली द्रवाचा लहान फुगा राहतो. त्यात कित्येक वर्षांनीही जंतुसंसर्ग होऊ शकतो: डोळा लाल, दुखरा, चिकट, नजर मंद. सासवड, भोर, दौंडकडचे रुग्ण अशा वेळी गावातल्या मेडिकलमधून थेंब आणतात. त्यात स्टेरॉइड असले तर लाली ओसरते आणि संसर्ग आत पसरत राहतो. शिवाय काहींचा दाब स्टेरॉइडनेच चढतो. अशा डोळ्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांनी पाहणे आवश्यक असते, मग ते ससून असो वा महंमदवाडीचे देसाई नेत्र रुग्णालय.