स्कोलिओसिस आणि मुलींचे वयात येणे

पाठीचा कणा मागून पाहताना सरळ न दिसता एका बाजूला वळणे आणि त्याच वेळी मणक्यांना पीळ पडणे, याला स्कोलिओसिस म्हणतात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर बाकाचा कोन (कॉब कोन) १० अंश किंवा अधिक भरला की निदान होते. एरवी धडधाकट असलेल्या मुलामुलींत दहाव्या वर्षानंतर, नेमके कारण न सापडता येणारा प्रकार सर्वाधिक आढळतो. या वयात त्याचे प्रमाण २ ते ३ टक्के धरले जाते. दप्तर, डोक्यावरची घागर किंवा पोक काढून बसणे यांमुळे तो येत नाही. साहजिकच ‘ताठ बस’ म्हणून जातही नाही.

१० अंशांच्या आसपासचा बाक मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखाच असतो. ३० अंशांपुढे मात्र मुलींची संख्या कित्येक पट होते. फरक बाक येण्यात कमी आणि वाढण्यात जास्त आहे, आणि बाक वाढतो उंचीबरोबर. मुलींची उंची साडेअकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने, वर्षाला साधारण ८ सेंमी वाढते. पहिली पाळी त्यानंतर सहा महिने ते वर्षभराने येते. पुढे उंचीत ५ ते ७ सेंमीची भर पडून दोन-अडीच वर्षांत वाढ थांबते. घरोघरी पाळी आली म्हणजे मुलगी ‘शहाणी झाली’, आता तिच्याकडे लक्ष हवे, असे मानतात. कण्याच्या बाबतीत सर्वांत धोक्याचा काळ तोवर सरत आलेला असतो.

म्हणूनच डॉक्टर वयापेक्षा पाळी आली का, कधी आली, हे आधी विचारतात. जोडीला कमरेच्या हाडाच्या कडेवरून ठरणारी ० ते ५ ही रिसर श्रेणी पाहतात; आकडा जितका लहान, तितकी वाढ जास्त शिल्लक. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २० ते २९ अंशांचा बाक रिसर ० किंवा १ असताना ६८ टक्के रुग्णांत वाढला. रिसर २ ते ४ असलेल्यांत २३ टक्क्यांतच.

पाळी उशिरा येणाऱ्या मुलीत वाढीचा काळ लांबतो, म्हणजे बाकाला वाढायला सवडही जास्त मिळते. बॅले नर्तकींच्या १९८६ मधील पाहणीत २४ टक्के जणींत स्कोलिओसिस आढळला आणि त्यांच्यात उशिरा पाळी येण्याचे प्रमाण जास्त होते. कुपोषणानेही पाळी लांबते. पण उशिरा पाळी म्हणजे बाक येणारच, असा याचा अर्थ नव्हे.

मराठवाड्यात अडचण तपासणीच्या वेळेची आहे. बीड, जालना, धाराशिव भागांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सोबत गेलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी त्या काळात शाळेच्या आरोग्य तपासणीला मुकते. वाढत्या वयातला बाक चार-सहा महिन्यांनी पुन्हा पाहावा लागतो. नेमके तेवढेच महिने ती फडावर असते. गणवेशाची दोन्ही खांद्यांवरून घेतलेली ओढणीही वर-खाली झालेले खांदे झाकते. कुर्ता एका बाजूला लोंबतो, ही शिंप्याच्या लक्षात येणारी खूण कित्येकदा पहिली ठरते. प्राथमिक तपासणी साधी आहे: मुलीने पाय जुळवून, तळहात जोडून कमरेतून वाकायचे आणि मागून पाहायचे. बरगड्यांची एक बाजू, बहुधा उजवी, वर आलेली दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. संभाजीनगरच्या घाटीत, तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहे.

वाढ शिल्लक असेल आणि बाक २५ ते ४० अंशांचा असेल, तर पट्टा (ब्रेस) देतात. पाळी येऊन वर्ष उलटले नसेल तर त्याचा उपयोग अधिक. २०१३ च्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के जणांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांखाली राहिला. नुसत्या देखरेखीखालच्यांत ४८ टक्के. तिथे दिवसाचे किमान १८ तास पट्टा सांगितला होता. तापमान चाळिशीपार गेलेल्या मे महिन्यात तो निभावणे सोपे नाही; आत सुती बनियन घालून घाम टिपावा लागतो. ४५-५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण एवढा बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला सुमारे १ अंशाने वाढू शकतो.