फोर्ब्ज, ब्रायन

फोर्ब्ज, ब्रायन : (२२ जुलै १९२६ – ८ मे २०१३). ब्रिटिश नट, पटकथाकार, दिग्दर्शक, निर्माते व कादंबरीकार. मूळ नाव जॉन थिओबाल्ड क्लार्क. जन्म लंडनच्या पूर्व भागातील स्ट्रॅटफर्ड या कामगारवस्तीत. किशोरवयातच बीबीसी रेडिओवर संधी मिळाली आणि तिथूनच नवे नाव लागले. पुढे रॉयल अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्टमध्ये अभिनयाचे शिक्षण व नंतर सैन्यातील नोकरी झाली.

युद्धोत्तर ब्रिटिश चित्रपटांत त्यांच्या वाट्याला बहुतेक दुय्यम भूमिका आल्या. ‘द वुडन हॉर्स’ (१९५०) आणि ‘द कोल्डिट्झ स्टोरी’ (१९५५) यांतले त्यांचे युद्धकैदी लक्षात राहतात. पण नायकपद काही मिळाले नाही. त्याच काळात ते पटकथा लिहू लागले, आणि त्यांचा खरा पिंड लेखकाचा होता हे लवकरच दिसले. पात्राच्या तोंडी कोणते वाक्य बसेल, हे नट म्हणून त्यांना आतून कळत होते.

वळण आले ते रिचर्ड ॲटनबरो यांच्याशी झालेल्या भागीदारीने. ‘गांधी’चे दिग्दर्शक म्हणून आपल्याकडे घराघरांत माहीत असलेले ॲटनबरो तेव्हा नट होते. दोघांनी ‘बीव्हर फिल्म्स’ ही संस्था काढली आणि ‘द अँग्री सायलेन्स’ (१९६०) तयार केला. अनधिकृत संपात उतरायला नकार देणाऱ्या कामगाराला त्याचे सहकारी वाळीत टाकतात, ही त्याची कथा. पैसा तुटपुंजा होता, म्हणून मंडळींनी मानधनाऐवजी नफ्यातला वाटा पत्करला. कामगार संघटनांच्या विरोधातला चित्रपट आहे अशी टीका झाली. पटकथेला मात्र ब्रिटिश चित्रपट अकादमीचा ‘बाफ्टा’ पुरस्कार व ऑस्कर नामांकन मिळाले. त्याच वर्षीच्या ‘द लीग ऑफ जंटलमन’ची पटकथाही फोर्ब्ज यांचीच, त्यात त्यांनी भूमिकाही केली.

दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘व्हिसल डाउन द विंड’ (१९६१). लँकशरमधील शेतावरच्या गोठ्यात लपलेल्या फरारी खुन्याला तिथली मुले येशू ख्रिस्त समजतात. आसपासच्या शाळांतली मुले फोर्ब्ज यांनी कामाला घेतली. शेवटी झडतीसाठी खुनी दोन्ही हात पसरून उभा राहतो आणि दूरवर क्रूसाची आकृती दिसते. हा प्रसंग सहज भडक झाला असता. फोर्ब्ज कॅमेरा लांब ठेवतात आणि तो तोलून धरतात.

यानंतरची सहा-सात वर्षे त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत कसदार. ‘द एल-शेप्ड रूम’ (१९६२), ‘सेअन्स ऑन अ वेट आफ्टरनून’ (१९६४) आणि ‘द व्हिस्परर्स’ (१९६७) हे तिन्ही कृष्णधवल चित्रपट त्यांनी स्वतः लिहिले व दिग्दर्शित केले, आणि लेस्ली कॅरन, किम स्टॅन्ली व ईडिथ इव्हान्स या तिघींना त्यांसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. याला योगायोग म्हणता येणार नाही. ‘द व्हिस्परर्स’मधली एकाकी म्हातारी सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्र वाचण्याच्या निमित्ताने येते आणि बूट काढून गरम पाइपवर पाय शेकते. गरिबीवर एक शब्दही न बोलता तिचे सगळे जगणे तिथे कळते. या भूमिकेसाठी जवळपास ऐंशीच्या घरातल्या इव्हान्स यांना बर्लिन महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुढे फोर्ब्ज यांनीच त्यांचे चरित्र लिहिले. सिंगापूरच्या चांगी येथील, जपान्यांच्या ताब्यातल्या युद्धकैद्यांच्या छावणीवरचा ‘किंग रॅट’ (१९६५) याच काळातला. त्याची व्हावी तेवढी चर्चा अजूनही होत नाही.

१९६९ मध्ये ‘ईएमआय’ या ब्रिटिश कंपनीने एल्स्ट्री स्टुडिओतील चित्रपटनिर्मितीची सूत्रे त्यांच्याकडे दिली. सुरुवातीचे काही चित्रपट पडले. मात्र लायनेल जेफ्रीज या नटाला दिग्दर्शनाची पहिली संधी देऊन काढलेला ‘द रेल्वे चिल्ड्रन’ (१९७०) लोकांनी उचलून धरला, आणि जोसेफ लोझी यांच्या ‘द गो-बिट्वीन’ने १९७१ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. त्याच वर्षी फोर्ब्ज यांनी राजीनामा दिला. त्यांचा कारभार अयशस्वी ठरला असे सरसकट म्हटले जाते. ही दोन नावे पाहता ते अन्यायाचे वाटते.

नंतरचे काम कमी-अधिक दर्जाचे. ‘द स्टेपफर्ड वाइव्ह्ज’ (१९७५) सर्वाधिक गाजला. त्यातल्या आज्ञाधारक बायकांच्या स्टेपफर्ड गावाचे नाव इंग्रजीत विशेषणासारखे रूढ झाले. पटकथाकार विल्यम गोल्डमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. फोर्ब्ज यांच्या पत्नी, अभिनेत्री नॅनेट न्यूमन, यांची निवड हे त्यातले एक कारण. ‘द स्लिपर अँड द रोझ’ (१९७६) हा सिंड्रेलाच्या कथेवरचा संगीतपट.

ॲटनबरो यांच्या ‘चॅप्लिन’च्या (१९९२) पटकथालेखनातही त्यांचा सहभाग होता. त्यांनी अनेक कादंबऱ्या व दोन आत्मचरित्रपर पुस्तके लिहिली, सरे परगण्यातील व्हर्जिनिया वॉटर येथे पुस्तकांचे दुकानही चालवले. २००४ मध्ये त्यांना ‘सीबीई’ हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला. व्हर्जिनिया वॉटर येथेच त्यांचे निधन झाले.