आयाराम-गयाराम

पक्ष सोडून दुसऱ्या पक्षात जाणाऱ्या, आणि जमल्यास परत येणाऱ्या, राजकारण्यासाठी वापरला जाणारा उपहासाचा शब्द. मूळ हिंदीतला, मराठीत तो इतका रुळला आहे की ‘आलाराम-गेलाराम’ करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

शब्दाचा जन्म हरियाणातला. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हे राज्य झाले आणि १९६७च्या पहिल्याच निवडणुकीत ८१ पैकी ४८ जागा जिंकून काँग्रेस सत्तेवर आली. मात्र तिच्याच आमदारांच्या फुटीमुळे भगवत दयाल शर्मा यांचे सरकार काही दिवसांतच गडगडले आणि राव बीरेंद्र सिंह मुख्यमंत्री झाले. या धामधुमीत हसनपूरचे अपक्ष आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली. त्यातला एक फेरा तर अवघ्या नऊ तासांचा. राव बीरेंद्र सिंह यांनी त्यांना चंदीगडच्या पत्रकार परिषदेत हजर करून ‘गयाराम आता आयाराम झाले’ अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सांगतात. कोटी आयतीच होती: गया लाल यांच्या नावातच ‘गेला’ दडलेला होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विधानसभा बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली.

पक्षांतराच्या साथीवर उपाय शोधायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. मार्च १९६७पासूनच्या वर्षभरात देशात ४३८ पक्षांतरे झाली आणि सात राज्यांतल्या २१० पक्षबदलू आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळाले, असे समितीच्या अहवालात आढळते. वैचारिक मतभेद वगैरे कारणांची चर्चा यानंतर फारशी करावी लागत नाही.

कायदा यायला १९८५ उजाडले. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी-खासदारकी धोक्यात आली. पण एकतृतीयांश सदस्य फुटले तर माफी होती. ती पळवाट २००३मध्ये एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने बुजवली आणि मंत्रिमंडळाच्या आकारालाही सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या साधारण १५ टक्क्यांची मर्यादा घातली. दोनतृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’चे दार मात्र उघडेच राहिले. एकट्याने गेलात तर गयाराम, झुंडीने गेलात तर विलीनीकरण! गोव्यात जानेवारी २०२२मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्ग्यासमोर नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले.

मराठीने या जोडशब्दाची फोड केली आहे. हिंदीत ‘आया राम गया राम’ हा सारा खेळ एका दमात सांगितला जातो; मराठी वर्तमानपत्रांत येणारा ‘आयाराम’ वेगळा, जाणारा ‘गयाराम’ वेगळा. माणूस एकच असला तरी एका पक्षाच्या कार्यालयात तो आयाराम आणि समोरच्या कार्यालयात गयाराम असतो. अर्थही सरकला आहे: सभागृहात बाजू बदलणाऱ्या आमदारापेक्षा तिकिटासाठी निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या पाहुण्यालाच हा शब्द अधिक लागतो. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘निष्ठावंत’. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षे सतरंज्या उचलल्या आणि आता आयारामासाठी पायघड्या घातलेल्या पाहतो आहे, तो.