साथीचा पैसा कधी सुटतो?

साथ रोखायला देशांनी एकत्र बसण्याची सुरुवात १८५१ च्या पॅरिस परिषदेपासून धरतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या धास्तीने युरोपीय देश व्हेनिसला जमले. काळजी त्यांना आपापल्या बंदरांची होती. मांडवीतल्या चाळींना मदत कशी पोचवायची, हा त्या बैठकीचा विषय नव्हता.

मदत किती दिवसांत पोचते, हा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला २०१४ मध्ये. गिनीत डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेला इबोला मार्चमध्ये ओळखू आला, पण जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर करायला ८ ऑगस्ट उजाडला. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये मिळून ११,३०० हून अधिक माणसं गेली. पैसा आला, पण साथीच्या मागून.

त्यातून दोन वाटा निघाल्या. पहिली साधी आहे. याच संघटनेने २०१५ मध्ये उभारलेल्या राखीव निधीतून ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम २४ तासांत देता येते.

दुसरी वाट म्हणजे जागतिक बँकेच्या योजनेतले २०१७ चे महासाथ रोखे. गुंतवणूकदारांनी ३२ कोटी डॉलर लावले आणि त्यांना भरघोस व्याज मिळू लागलं. ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या तरच मुद्दल गरीब देशांना जाणार होतं. या अटींना ‘ट्रिगर’ म्हणतात आणि सगळा वाद या एका शब्दाभोवती आहे. इबोलासाठी किमान २५० मृत्यू हवे होते, शिवाय सीमेपलीकडच्या दुसऱ्या देशात किमान २०.

ऑगस्ट २०१८ मध्ये काँगोच्या पूर्व भागात इबोला पसरला. तो आटोक्यात येईपर्यंत जवळपास २,३०० जण दगावले. युगांडात मात्र मोजकेच रुग्ण सापडले, कारण तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी सीमेवर चोख काम केलं. त्यामुळे दुसऱ्या देशाची अट पुरी झाली नाही आणि रोख्यांतून काँगोला काहीच मिळालं नाही. योजनेच्या बाजूचे लोक म्हणतात, अटी सैल केल्या असत्या तर व्याज आणखी वाढलं असतं, आणि योजनेच्या वेगळ्या रोख खात्यातून काँगोला मदत गेलीच होती. ते खरं आहे. पण ‘तातडीची’ म्हणवणारी मदत मृत्यू सीमा ओलांडेपर्यंत थांबते, ही रचनाच मुळात चुकीची होती.

कोविडमध्ये तेच झालं. आणीबाणी जाहीर झाली ३० जानेवारी २०२० ला आणि सुमारे १९.६ कोटी डॉलर सुटले एप्रिलमध्ये. ते ६४ देशांत वाटले गेले. पुढे अशा रोख्यांची दुसरी फेरी काढण्याचा बेत सोडून देण्यात आला.

त्यानंतर भर आला तयार साठ्यांवर. जानेवारी २०२१ मध्ये इबोला लशीच्या ५ लाख मात्रांच्या साठ्याची घोषणा झाली. ही लस इबोलाच्या सुदान प्रकारावर चालत नाही. २०२२ मध्ये युगांडात तोच प्रकार उद्भवला, तेव्हा चाचणीसाठीच्या लशी पोचायला ७९ दिवस लागले आणि तोवर साथ ओसरली होती. २०२५ मध्ये युगांडातच तो परतला. या वेळी लशी कंपालात आधीच आणून ठेवल्या होत्या आणि साथ जाहीर झाल्यापासून चार दिवसांत लसचाचणी सुरू झाली.