पोटभाडेकरू ठेवल्यास ताब्याचा दावा : पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

भाडेकरूने परस्पर तिसऱ्याला, म्हणजे पोटभाडेकरूला, जागा दिली, तर घरमालक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 खाली ताब्याचा दावा लावू शकतो. करारात मुभा नसेल तर कलम 26 नुसार पोटभाडेकरू ठेवता येत नाही, म्हणून आधी करार नीट वाचा. पागडीची खोली मालकाच्या संमतीने रीतसर दुसऱ्याच्या नावावर झाली असेल, तर ही तक्रार टिकत नाही.

खरा वाद ताब्याचा असतो. गोव्यातल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली हे स्पष्ट केले आहे. जागा पूर्णपणे तिसऱ्याच्या हाती गेली हे आधी मालकाने दाखवायचे, मग खुलाशाची जबाबदारी भाडेकरूवर येते. तिसऱ्याकडून भाडेकरूला मोबदला सहसा गुपचूप दिला जातो, त्यामुळे परिस्थितीवरून न्यायालय त्याचे अनुमान काढू शकते. तिसऱ्याला भागीदार घेतले, पण भाडेकरू स्वतः धंदा पाहत असेल आणि ताबाही त्याच्याकडेच असेल, तर ते पोटभाडे नव्हे. भागीदारी नुसती कागदावर असेल तर मात्र न्यायालय पडद्यामागे पाहते. म्हणून नुसत्या बदललेल्या पाटीवर विसंबू नका. शटर कोण उघडतो, गल्ल्यावर कोण बसतो, चावी कोणाच्या घरी जाते, याचे साक्षीदार शोधा. भाडेकरूनेही भागीदारीपत्र, हिशेबाच्या वह्या आणि भाडेपावत्या जपून ठेवाव्यात.

सोबत हवेत : मालमत्ता पत्रक किंवा मालकीचा दस्त, भाडेकरार, भाडेपावत्यांची स्थळप्रत, मालमत्ता कराची पावती, तिसऱ्याच्या नावावरचा दुकान परवाना, जीएसटी नोंदणी किंवा वीजबिल मिळाल्यास तेही, आणि फोटो. मोबाइलमधल्या फोटोंसोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या.

दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) लागतो. इतरत्र जिथे हे न्यायालय आहे तिथे त्यात, नाहीतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. पोटभाडेकरूलाही प्रतिवादी करणे शहाणपणाचे. लिव्ह अँड लायसन्सच्या राहत्या घराची मुदत संपली असेल, तर वाट वेगळी : कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज.

दावा चालू असताना कुलूप ठोकणे, पाणी-वीज तोडणे अजिबात करू नका. अत्यावश्यक सोयी तोडायला कलम 29 ची मनाई आहे आणि त्याने स्वतःचीच बाजू लंगडी पडते. निकालाविरुद्ध अपील 30 दिवसांत करावे लागते, मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे, बाहेर जिल्हा न्यायालयात.