खुलासा: मॉर्मन समाजसेवा 1936 साली जन्मली नाही

महामंदीत, 1936 साली, मॉर्मन चर्चने (अमेरिकेतल्या युटा राज्यात मुख्यालय असलेला ख्रिस्ती पंथ) गरजूंसाठी कल्याण योजना जाहीर केली आणि तिथूनच त्यांची समाजसेवा सुरू झाली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तारीख बरोबर, ‘तिथूनच’ मात्र चूक.

चर्चची महिला संघटना, रिलीफ सोसायटी, 1842 पासूनची. 1876 पासून या बायकांनी युटात दुष्काळासाठी गहू साठवला. पहिल्या महायुद्धात, 1918 साली, त्यातला दोन लाख बुशेलहून (गव्हाचा एक बुशेल म्हणजे सुमारे 27 किलो) जास्त गहू अमेरिकन सरकारला विकला. एवढा गहू काय सहज साठतो?

पण खरी कलाटणी दिली एमी ब्राउन लायमन यांनी. जन्म 1872, प्लेझंट ग्रोव्ह, युटा. पेशाने शिक्षिका. 1902 साली शिकागोत समाजशास्त्राचा वर्ग केला, तिथे समाजसेविका जेन ॲडम्स यांचं हल हाउस या गरीब स्थलांतरितांसाठीच्या केंद्रातलं काम जवळून पाहिलं. नुसत्या दानधर्माने भागत नाही, घराची अडचण नीट समजून घ्यावी लागते, हे त्यांना पटलं. 1919 साली सोसायटीचा समाजसेवा विभाग उभा राहिला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. म्हणजे 1936 च्या सतरा वर्षं आधी! पुढे युटा विधिमंडळात निवडून आल्यावर माता-बालआरोग्यासाठीच्या केंद्राच्या शेपर्ड-टाउनर कायद्याचा लाभ राज्याने घ्यावा म्हणून त्यांनी पुढाकार घेतला.

1936 ची योजना मोठी होती, हे खरंच. पण पाया आधीच घातलेला होता, आणि तो घालणाऱ्या बायकांची नावं गाळली की गोष्ट फक्त पुरुष पदाधिकाऱ्यांची उरते. 1940 ते 1945 लायमन स्वतः सोसायटीच्या अध्यक्षा होत्या.