बोंडवाचा रस आंबवतो कोण? विकरांमागचा शंभर वर्षांचा वाद

मार्च-एप्रिलात गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्याकडे काजूच्या बागायतीतून जाताना आंबूस-गोड वास नाक सोडत नाही. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, तुडवून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून ठिबकणारा नीरो ताजा असतो तेव्हा निव्वळ गोड लागतो. उन्हात राहिला तर त्याला फेस येतो. पिंपात साठवलेला रस काही दिवसांत इतका आंबतो की भाटीवर चढवून त्याचा उर्राक, आणि पुढे फेणी काढता येते. वरून कोणी काही घालत नाही. बोंडवाच्या सालीवरचे यीस्टच हे काम उरकते. पण यीस्टमधले नेमके काय?

या प्रश्नावर युरोपात जवळजवळ शंभर वर्षे भांडण चालले. विकरांचा (एन्झाइमांचा) वेग कशावर ठरतो याची तापमान, आम्लता, साखरेचे प्रमाण अशी जी यादी विज्ञान शाखेची मुले पाठ करतात, ती बरीचशी त्या भांडणातून निघाली आहे. पुस्तकात यादी तेवढी उरते आणि भांडण गळून जाते. गंमत खरी त्या भांडणातच आहे.

1833 मध्ये पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीच्या अर्कात अल्कोहोल ओतले. तळाशी पांढरा साका बसला. चिमूटभर साका भरपूर स्टार्चचे साखरेत रूपांतर करी, पण उकळला की निकामी होई. तीनच वर्षांनी थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने जठररसातून पेप्सिन वेगळे केले. म्हणजे पचनाचे रसायन शरीराबाहेर काढता येते, एवढे सिद्ध झाले. आंबवणाचे मात्र जमेना. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर ठामपणे म्हणत होता की जिवंत यीस्टशिवाय साखरेची दारू होणार नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या मते तो निव्वळ रासायनिक बदल होता. दोघांनीही शेवटपर्यंत हेका सोडला नाही.

निकाल लागला तो अपघाताने. एदुआर्द बुखनर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ यीस्ट वाळूत घोटून, दाबाखाली पिळून रस काढत होता, तोही औषधी उपयोगासाठी. रस नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घातली, तर बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना रस आंबत होता. म्हणजे काम यीस्टमधल्या विकरांचे होते. हे 1897 मध्ये छापून आले, तेव्हा पाश्चरला जाऊन दोन वर्षे झाली होती. बुखनरला 1907 चे नोबेल मिळाले.

विकर, म्हणजेच एन्झाइम, करते काय? रेणूंना बदलण्याआधी ऊर्जेचा जो चढ चढावा लागतो तो कमी करते, आणि स्वतः खर्ची पडत नाही. एमिल फिशरने 1894 मध्ये कुलूप-किल्लीचे चित्र मांडले: विकराच्या खाचेत ठरावीक रेणूच बसतो. 1958 मध्ये कोशलंडने त्यात दुरुस्ती केली. रेणू आत येताना खाचही थोडी आकार बदलते.

वेगाचे गणित 1913 मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिकाएलिस आणि मॉड मेंटन या कॅनेडियन डॉक्टर बाईंनी बसवले. साखर वाढवत गेले की आधी वेग वाढतो, मग एका पातळीवर थांबतो. रायबंदरला चोडणच्या फेरीसाठी गाड्यांची रांग कितीही लांबली तरी फेरीबोट एका खेपेला तेवढ्याच नेणार, तसेच हे.

आम्लतेचा किस्सा तर कमी लोकांना माहीत असतो. शेतमातीच्या तपासणीपासून शांपूच्या बाटलीपर्यंत आज सगळीकडे दिसणारे पीएच हे मोजमाप जन्मले विकरांच्याच अभ्यासात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बियर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन विकरांवर काम करत होता. आम्लता जराशी सरकली की निकाल बदलत. म्हणून 1909 मध्ये त्याने ही पट्टी आखली. पेप्सिन पीएच 2 च्या आसपास जोमात असते, आतड्यातले ट्रिप्सिन 8 च्या आसपास.

एवढे होऊनही विकर हा पदार्थ कोणता, हे ठरले नव्हते. ते प्रथिन नव्हे, असे विलष्टेटरसारखा नोबेलविजेता सांगत होता. त्याच्याविरुद्ध उभा राहिला जेम्स समनर. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात डावा हात गमावलेल्या या माणसाला एका हाताने रसायनशास्त्र जमायचे नाही, असे सांगितले गेले होते. त्याने आपल्याकडच्या अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीनचे पीठ घेऊन वर्षानुवर्षे खटपट केली आणि 1926 मध्ये युरियाचे विघटन करणारे युरिएझ स्फटिकरूपात मिळवले. ते शुद्ध प्रथिन निघाले. तरी बरीच वर्षे कोणी मानेना; नोबेल मिळायला 1946 उजाडले.

प्रथिन म्हटल्यावर आधीच्या निरीक्षणांचा उलगडा झाला. उष्णतेने वेग वाढतो, पण फार तापले की प्रथिनाची घडी मोडते आणि खाच बिघडते. कच्च्या पपईचा चीक मटण मऊ करतो, पण रस्सा उकळू लागला की त्याचे काम संपते. बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो तो टॅनिन या तुरट द्रव्यामुळे; ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, तसेच विकरांनाही चिकटून त्यांना रोखू शकते. 1980 च्या दशकात डीएनएच्या भाऊबंदांतले काही आरएनए रेणूही विकरांचेच काम करतात असे आढळले, तेव्हा ‘सगळी विकरे प्रथिनेच’ हे विधानही सैल करावे लागले.

मिठाचाही परिणाम होतो, हे आपल्या किनाऱ्याला जास्त लागू पडते. जमिनीवरच्या अनेक जीवांची विकरे खारट पाण्यात मंदावतात, समुद्री जीवांची टिकतात. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रातल्या आणि खारफुटीतल्या बुरशींवर काम झाले आहे. लाकूड कुजवणारी त्यांची विकरे मळीपासून दारू बनवणाऱ्या कारखान्यांच्या तपकिरी सांडपाण्याचा रंग उतरवू शकतात.